एका फळीची रेहल

मशिदीत, मदरशात, शीख घरात आणि ज्ञानेश्वरी पारायणाच्या मांडवातही एक वस्तू हमखास दिसते: फुलीच्या आकाराचे, घडी घालून भिंतीला टेकवता येणारे लाकडी स्टँड. त्यावर ग्रंथ उघडून ठेवतात आणि मांडी घालून वाचतात. कुराणासाठी वापरतात तेव्हा त्याला रेहल म्हणतात. आपल्याकडे बहुतेक जण नुसते ‘पोथीचे स्टँड’ म्हणतात. रोजच्या पाहण्यातली असल्यामुळे या वस्तूकडे निरखून कोणी पाहत नाही. निरखून पाहिले तर लक्षात येते, की तिच्या दोन्ही पाटांच्या मधोमध एकमेकांत अडकलेली लाकडी बोटे आहेत. त्यांत खिळा नाही, सरस नाही, आरपार गेलेली सळईही नाही. दोन पाट करून जोडलेत, असेही नाही. अख्खी रेहल एकाच फळीतून कोरून काढलेली असते. लाकूडकामातल्या सगळ्यात बुद्धिमान वस्तूंमध्ये मी तिला धरतो, आणि तिची कुळकथा तितकीच मोलाची आहे.

ही कथा सुरू होते ग्रंथाच्या बांधणीपासून. आपल्याकडची जुनी पोथी म्हणजे सुटी पाने. ताडपत्र असो वा हातकागद, पाने एकावर एक रचायची, वर-खाली लाकडी फळ्या द्यायच्या आणि रुमालात गुंडाळून बांधायची. वाचताना पान उचलून पलीकडे पालथे घालायचे. अशा पोथीला सपाट पाट किंवा चौरंग पुरतो, कारण तिला कणाच नसतो. छापखाना आल्यावरही बराच काळ आपण हीच रीत पाळली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढले, त्यानंतरच्या अनेक दशकांत छापलेल्या धार्मिक पोथ्या सुट्या, आडव्या पानांच्याच राहिल्या. आजही गुरुचरित्र आणि शिवलीलामृत त्या रूपात विकत मिळतात.

पश्चिम आशियातल्या ग्रंथाची घडण वेगळी होती. तिथे पाने दुमडून, त्यांचे जुज म्हणजे छोटे गठ्ठे करून शिवत आणि पुठ्ठ्यात बांधत. इस्लामी बांधणीत कणा सपाट असे, पुठ्ठे पानांच्या बरोबरीला कापलेले असत आणि डाव्या पुठ्ठ्याला एक झडप असे, ती वाचून झाल्यावर पानांच्या कडेवर मिटायची. अशा ग्रंथाचा जीव कण्यात असतो. तो जमिनीवर सपाट पसरला, की शिवण ताणली जाते आणि पुठ्ठा सांध्याशी फाटू लागतो. रोज उघडला जाणारा ग्रंथ असा किती टिकणार? शिवाय कुराण जमिनीवर ठेवायचे नाही, हा आदराचा दंडक होताच. म्हणजे गरज दुहेरी होती. ग्रंथ जमिनीपासून उंच हवा आणि त्याचे पुठ्ठे दोन्ही बाजूंनी तिरपे पेललेले हवेत, कण्यावर ताण न येता. रेहल या दोन्ही गरजा एका आकारात भागवते. अरबीत हाच शब्द उंटाच्या खोगिराला आहे.

घडीच्या फुलीची कल्पना रेहलीहून कितीतरी जुनी. प्राचीन इजिप्तमध्ये घडीचे स्टूल होते, तुतनखामेनच्या थडग्यातही ते सापडले. रोमन अधिकाऱ्यांची मानाची खुर्ची त्याच जातीची. पण तिथे पाय वेगवेगळे घडवून मध्ये खीळ घातलेली असे. एका फळीतून दोन पाट काढायचे आणि ते सुटू न देता फिरते ठेवायचे, ही पुढची झेप होती. तेराव्या शतकात ही विद्या पूर्ण प्रौढ झालेली दिसते. तुर्कस्तानातल्या कोन्या शहरी, जिथे १२७३ मध्ये मौलाना जलालुद्दीन रूमींचे निधन झाले, तिथल्या त्यांच्या दर्ग्याच्या संग्रहालयात आक्रोडाच्या लाकडाची एक रेहल आहे. तिच्यावरचे साल १२७९-८० आहे. म्हणजे रूमींच्या मृत्यूनंतर सहा-सात वर्षांतच ती त्यांच्या कबरीसाठी घडवली गेली. बाहेरून कोरीव काम, आणि ग्रंथ टेकतो त्या आतल्या पाटांवर सिंह आणि दोन डोक्यांचा गरुड रंगवलेला. वाचणाऱ्यालाच दिसेल अशा जागी एवढी कारागिरी ओतणारा मनुष्य ही वस्तू निव्वळ आधार मानत नव्हता.

दुसरी रेहल आपल्याला अधिक जवळची वाटावी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये १९१० पासून असलेली ही रेहल इराण किंवा मध्य आशियातली. तिच्यावर साल कोरले आहे, ते इसवी सन १३६० चे. घडवणाऱ्याचे नावही आहे, हसन सुलेमान इस्फहानी. उंची १३० सेंटिमीटर, म्हणजे सव्वाचार फूट. रुंदी ४१ सेंटिमीटर. कोरीव काम थरांवर थर असे चढवलेले. वर ‘अल्लाह’ हा शब्द पुन्हा पुन्हा गुंफलेला, खाली कमानीत सुरूचे झाड आणि फुलझाडे, सभोवती बारा इमामांवरच्या सलामांचा लेख. आणि लाकूड? लाकूड साग आहे.

साग इराणात उगवत नाही, समरकंदच्या आसपासही नाही. त्याचे मूळ घर भारत, ब्रह्मदेश, थायलंड, लाओस. तेव्हा या रेहलीची फळी समुद्र ओलांडून गेलेली आहे. हा व्यापार तोवर कित्येक शतके मुरलेला होता. इराणच्या आखातावरच्या सिराफ बंदरातली घरे साग आणि समुद्रपारच्या लाकडाची असल्याचे दहाव्या शतकातल्या अल-इस्तख्रीने लिहून ठेवले आहे. ज्या सागाच्या सोटांवर आपली घरे उभी राहिली, त्याच जातीच्या लाकडावर इस्फहानच्या कारागिराने आपले नाव कोरले. लाकडाची निवडही अचूक. सागात तेलाचा अंश असतो, तो वाळवीला दाद देत नाही, आणि दमट-कोरड्या हवेत इतर लाकडांच्या मानाने फार कमी हलतो. बोटांवर फिरणाऱ्या वस्तूला यापेक्षा चांगले लाकूड मिळाले नसते.

तैमूरच्या वंशात ग्रंथ अवाढव्य झाले. उमर अक्ता या सुलेखनकाराच्या नावाशी जोडलेल्या कुराणाची पाने सुमारे १७७ सेंटिमीटर उंच आणि १०१ रुंद आहेत. असा ग्रंथ लाकूड पेलणार नाही. समरकंदच्या बीबी खानम मशिदीत दगडाची प्रचंड बैठक आहे, ती उलूग बेगच्या काळातली मानतात. दगडाची घडी होत नाही. पण पुस्तकाला द्यायचा कोन घडवणाऱ्यांनी लाकडी रेहलीवरूनच उचलला.

आता रेहल घडते कशी, ते पाहू. समजा फळी दोन फूट लांब, आठ इंच रुंद आणि दीड इंच जाड आहे. तिला चारही बाजूंनी रंधा मारून, गुण्या लावून बिनचूक करायचे. गाठ चालत नाही, तिरपी रेघही चालत नाही. लाकडाच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ हव्यात. खालून साधारण तिसऱ्या हिश्शावर आडवा पट्टा आखायचा, जाडीइतकाच रुंद. हीच बोटांची जागा. पट्ट्याचे रुंदीत विषम भाग पाडायचे, पाच किंवा सात. फळीच्या दोन्ही कडांवर जाडीच्या मधोमध एक रेघ ओढायची. ती चुकली की सगळे चुकले.

मग पटाशी. समोरच्या अंगाने पहिल्या बोटाला पट्ट्याच्या खालच्या रेषेवर कापायचे, दुसऱ्याला वरच्या, तिसऱ्याला पुन्हा खालच्या. फळी उलटी करायची आणि मागच्या अंगाने याच्या नेमके उलट. प्रत्येक कापणी फक्त मध्यरेषेपर्यंत उतरते आणि बोटाची पाठ गोल होत जाते. बोटाबोटांमधल्या उभ्या रेषा बारीक पात्याच्या करवतीने आरपार सोडवायच्या. शेवटी सगळ्यात अवघड काम. फळीच्या वरच्या टोकाला जाडीच्या मध्यावर करवत लावायची आणि लांबीभर चिरत बोटांपर्यंत यायचे, मग खालच्या टोकाकडून तसेच. इथे करवत अंशभर भरकटली तर एक पाट जाड होतो आणि दुसरा पातळ. शेवटची चीर पोचली, की फटीत पाचर देऊन मोगरीने हलकेच ठोकतात. अडून राहिलेले तंतू कडकड तुटतात आणि तोवर फळी असलेली वस्तू उघडते.

काय झाले ते नीट समजून घ्यावे. वरचा पुढचा पाट बोटांमधून पलीकडे जाऊन खालचा मागचा पाय होतो. वरचा मागचा पाट पुढे येऊन खालचा पुढचा पाय होतो. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफावीत तशी ही रचना आहे, फक्त इथे बोटांच्या दोन्ही टोकांना तळवे आहेत. म्हणून रेहल उघडते, मिटते, पण सुटत नाही. दोन तयार पाट घेऊन कोणी ती जुळवू म्हणेल तर जुळवताच येणार नाही. काहीतरी कापून पुन्हा चिकटवावे लागेल. किती उघडायचे, हेही कोरतानाच ठरते. बोटांच्या खांद्यांना जेवढा उतार दिला तेवढीच ती फाकते, आणि ग्रंथाचा भार आला तरी पुढे सरकत नाही.

फळी एकच का, याचे उत्तरही इथेच आहे. लाकडाचे तंतू पाटातून बोटात आणि बोटातून पायात अखंड जातात. भार तंतूंच्या लांबीवर येतो, तिथे लाकूड सगळ्यात बळकट असते. म्हणूनच तिरप्या रेघेची फळी घेतली तर बोट पहिल्यांदा तुटते. दुसरे असे, की पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगते. दोन्ही पाट एकाच झाडाचे, एकाच जागेचे, एकाच दिशेचे असल्याने ते जवळपास सारखेच फुगतात आणि आकसतात. बोटांमधली जागा तशीच राहते. निरनिराळ्या लाकडांची बोटे जुलैत अडकली असती आणि मेमध्ये खडखडली असती.

भारतात या वस्तूला दोन मोठी घरे मिळाली. काश्मीरमध्ये आक्रोडाच्या लाकडावर चिनाराची पाने कोरलेल्या रेहली होतात, तर उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरच्या कोरीव कामाच्या बाजारात शिसवाच्या. इथून पुढे धर्माची कुंपणे तिला अडवू शकली नाहीत. शीख घरांत गुटका, म्हणजे नित्यपाठाची छोटी पोथी, तिच्यावर वाचला जातो. गुजराती जैनांकडे अशाच बैठकीला सापडो म्हणतात. आपल्याकडे सार्थ ज्ञानेश्वरी आणि दासबोध जाड बांधणीचे होऊन घराघरांत पोचले, पोथीला कणा आला, आणि त्यासोबत चौरंगावर या घडीच्या स्टँडची गरज निर्माण झाली. हरिनाम सप्ताहात वाचक ओळीने बसतात आणि प्रत्येकासमोर हेच स्टँड असते. जिथे जिथे बांधीव ग्रंथ पूज्य झाला, तिथे तिथे ही वस्तू आपसूक गेली. गरज सारखी होती, म्हणून उत्तरही सारखेच पटले. मोठ्या ग्रंथालयांत आज जुनी हस्तलिखिते वाचायला देताना पुठ्ठ्यांखाली फोमचे तिरपे ठोकळे ठेवतात, त्यामागेही हाच हिशेब आहे.

आज बाजारात दोन पाट पितळी बिजागरीने जोडलेली किंवा खाचेत खाच अडकवलेली स्टँडे पुष्कळ मिळतात. ती वाईट नाहीत, काम भागवतात. पण खरी रेहल घ्यायची असेल तर ती मिटवून कडेने पाहावी. पाटावरच्या लाकडाच्या रेषा बोटांवरून पलीकडच्या पायात सलग उतरत असतील, तर ती एका फळीची. रेषा मध्येच तुटली तर तिथे जोड आहे. बोटांजवळ गाठ नाही ना, आणि उघडल्यावर चारही टोके जमिनीला सारखी टेकतात ना, एवढे तपासावे. कारागीर जास्त किंमत सांगेल आणि ती द्यायला हवी. एका चिरेत महागडी फळी वाया जाण्याची जोखीम त्याने उचललेली असते, आणि चूक झाकायला त्याच्याजवळ सरसही नसतो, खिळाही नसतो. सातशे वर्षांहून जुनी ही विद्या आजही हातांत जिवंत आहे. जोड आणि अखंड यांतला फरक ओळखणारे गिऱ्हाईक असेल, तोवरच ती तशी राहील.