यास्ना गूराचा दरवाजा

किल्ला दिसला की फौजी माणूस आधी विचारतो : हा टिकला कसा? पोलंडमधल्या चेन्स्तोहोवा शहरातला यास्ना गूरा हा मठ तसाच किल्ला आहे. १३८२ पासून तो पॉलाइन संघाच्या साधूंकडे आहे. काळ्या मेरीचे चित्र तिथेच आहे. १६५५ मध्ये स्वीडिश सैन्याने पोलंडचा मोठा भाग घेतला आणि मठाला वेढा घातला. मठप्रमुख कोर्देत्स्की यांनी वाटाघाटींत वेळ काढला, पण दरवाजा उघडला नाही. सुमारे ४० दिवसांनी वेढा उठला.

याच साधूंच्या वॉर्सातल्या चर्चमधून १७११ पासून दर ऑगस्टमध्ये इथे पायी यात्रा येते, आपल्या वारीसारखी. त्यामुळे यात्रेकरूंची व्यवस्था त्यांना नवी नव्हती. १४ आणि १५ ऑगस्ट १९९१ रोजी इथे जागतिक युवा दिन झाला. दहा लाखांहून जास्त तरुण आले. त्यांत सोव्हिएत संघातले हजारो होते. काही वर्षांपूर्वी त्यांना ही मोकळीक मिळालीच नसती. चारच दिवसांनी, १९ ऑगस्टला, मॉस्कोच्या रस्त्यांवर रणगाडे उतरले.

मेळाव्याने सोव्हिएत सत्ता पाडली, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. आमच्या पेशात १६५५ चा वेढा अभ्यासण्यासारखा आहेच. मला मात्र १९९१ चे यजमानपण जास्त अवघड वाटते. सोव्हिएत फौजा अजून पोलंडमधून पुरत्या गेल्याही नव्हत्या. तरीही तिथल्याच पोरांना पाहुणे म्हणून घरी घेतले गेले.