इसापाचे प्राणी आणि इंग्लंडचे ठसेकार

इंग्रजीतली पहिली छापील इसापनीती विल्यम कॅक्स्टनने १४८४ मध्ये वेस्टमिन्स्टरला काढली. मजकूर त्याने फ्रेंचवरून उतरवला होता आणि चित्रांचे मूळही परदेशीच होते. जर्मनीतल्या उल्म शहरी निघालेल्या इसापनीतीच्या ठशांच्या नकला तेव्हा युरोपभर फिरत होत्या. कॅक्स्टनची चित्रे त्याच घराण्यातली. त्यांत रेघा जाड, सावली जवळजवळ नाही. प्राणी कोणता आणि गोष्ट कोणती एवढे कळले, की चित्राचे काम झाले. लाकडी ठशाची मोठी सोय मात्र होती. त्याचा उंच राखलेला भाग अक्षरांच्या खिळ्यांसारखीच शाई घेतो, त्यामुळे चित्र आणि मजकूर एकाच चौकटीत आवळून एकदम छापता येत.

सतराव्या शतकात तांब्याचा पत्रा आला. त्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या आणि उघडा पडलेला धातू अम्लाला खाऊ द्यायचा. केसाएवढी बारीक रेघ यात साधते, पण शाई खाचेत राहत असल्याने छपाईला वेगळे यंत्र लागते आणि खर्च वाढतो. फ्रान्सिस बार्लोने तो खर्च अंगावर घेऊन १६६६ मध्ये इंग्रजी, फ्रेंच आणि लॅटिन अशा तीन भाषांतली इसापनीती स्वतः प्रकाशित केली. बार्लो हा पक्षी आणि शिकारीची दृश्ये रंगवणारा चित्रकार. प्राणी त्याने पाहून काढलेले होते. त्याच्या पक्ष्यांची पिसे, कुत्र्यांच्या बरगड्या, अंग चोरून बसण्याची ढब पाहिली, की गोष्ट विसरून माणूस प्राण्याकडेच बघत राहतो. त्याच वर्षीच्या लंडनच्या आगीत बऱ्याच प्रती जळाल्या. १६८७ च्या दुसऱ्या आवृत्तीसाठी लेखिका अ‍ॅफ्रा बेनने नव्या कविता लिहिल्या.

बार्लोच्या मांडण्या पुढे वर्षानुवर्षे उचलल्या गेल्या. सॅम्युअल क्रॉक्सलच्या १७२२ च्या इसापनीतीतली छोटी चित्रे पुष्कळ अंशी त्यांवरच बेतलेली होती, आणि क्रॉक्सलचे हे लोकप्रिय पुस्तक न्यूकॅसलच्या ठसेकार थॉमस ब्यूइकने लहानपणापासून पाहिलेले होते.

ब्यूइकने लाकूडच वेगळ्या अंगाने वापरले. जुने ठसे फळीच्या लांबीवर, चाकूने कापलेले असत. त्याने बॉक्सवूडचा आडवा छेद घेतला आणि त्यावर धातूवर कोरायची अणकुचीदार हत्यारे चालवली. हे लाकूड इतके घट्ट, की तांब्याइतकी बारीक रेघ टिकते आणि ठसा खिळ्यांबरोबर छापताही येतो. काळ्यातून पांढरी रेघ कोरून तो लोकर, पिसे, ओले गवत उभे करी. दूरचे दृश्य फिके यावे म्हणून ठशाचा तेवढा भाग तो किंचित खाली तासत असे, म्हणजे तिथे दाब कमी पडतो. म्हातारा शिकारी कुत्रा आणि त्याचा मालक या बोधकथेच्या ठशाला लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने ७ गिनींचे बक्षीस दिले, तेव्हा तो विशीत होता. ती रक्कम त्याने आईला दिली.

त्याची ‘सिलेक्ट फेबल्स’ १७८४ मध्ये आली. १८१२ च्या मोठ्या आजारातून उठताना त्याने पुन्हा इसाप हाती घेतला. शिष्यांच्या मदतीने तो ग्रंथ १८१८ मध्ये पुरा झाला. प्राण्यांच्या जिवंतपणात बार्लो त्याच्या तोडीचा आहे. पण बार्लोचे पुस्तक मोजक्या घरांत राहिले. ब्यूइकच्या पद्धतीने बारीक चित्र स्वस्त छपाईत आले, आणि १८४२ मध्ये निघालेले ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ हे साप्ताहिक आपली चित्रे बॉक्सवूडच्या अशाच ठशांवरून छापत असे.