आळंदच्या जत्रेतील कोंबडीचोर

बहामनी काळातील बीदरविषयी लिहिणाऱ्या परकीय प्रवाशांत अफनासी निकितिन याचे स्थान वेगळे आहे. तो ना कोणाचा वकील होता, ना धर्मप्रसारक. त्वेर या रशियन नगराचा हा साधा व्यापारी विकण्यासाठी एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला आणि जुन्नरमार्गे बीदरला आला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा हिरावून घेतला आणि धर्म बदलण्याचा तगादा लावला. पुढे घोडा परत मिळाला व तो बीदरमध्ये विकला गेला. ही हकीकत इ. स. १४७० च्या आगेमागेची आहे. मायदेशी परतताना, स्मोलेन्स्कला पोहोचण्यापूर्वीच, निकितिन वारला. त्याची टिपणे मात्र १४७५ साली मॉस्कोला पोहोचली. १८५७ साली लंडनच्या हॅक्लुइट सोसायटीने त्यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले.

इतिहासकार निकितिनचा आधार घेतात तो बहुधा दरबाराच्या वर्णनासाठी. सुलतानाची स्वारी, हत्तींचे साज, अमीर-उमरावांचे ऐश्वर्य आणि त्याच्या शेजारी खेड्यांतील रयतेचे दारिद्र्य या गोष्टी त्याने नोंदल्या आहेत. आम्हांस येथे विचार करावयाचा आहे तो त्याच्या एका लहानशा, बहुधा दुर्लक्षित राहिलेल्या नोंदीचा. ती आपल्या आळंदसंबंधीची आहे.

शेख अलाउद्दीन यांच्या स्मरणार्थ आळंदला वर्षातून एकदा दहा दिवस मोठा बाजार भरे, असे निकितिन सांगतो. वीस हजारांपर्यंत घोडे तेथे विक्रीस येत. आळंदचा हा दर्गा आपण लाडले मशायख यांचा दर्गा म्हणून ओळखतो. बीदरपासूनचे अंतर त्याने बारा कोव दिले आहे. त्याच्या हिशेबाने एक कोव म्हणजे दहा वेर्स्त, म्हणजे एकूण सुमारे १२८ किलोमीटर. नकाशावर बीदर-आळंद हे सरळ रेषेतील अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक भरते. वाटेची वळणे धरली तर हा परदेशी माणूस फारसा चुकलेला नाही. घोड्यांच्या आकड्यात जत्रेतल्या ऐकीव गप्पांची भर असू शकेल, पण अंतराविषयी तो विश्वसनीय आहे. म्हणून त्याचे पुढील वाक्यही सहज टाकून देण्याजोगे नाही.

याच आळंदच्या वर्णनात त्याने दोन निशाचरांची नोंद केली आहे. पहिला म्हणजे 'गुकुक' नावाचा पक्षी. तो रात्री 'गुक-गुक' असे ओरडत उडतो, ज्या घरावर बसेल तेथे माणूस मरतो, आणि कोणी त्याला मारू गेल्यास त्याच्या चोचीतून आग निघते. दुसरा प्राणी 'मामोन'. हे मामोन डोंगरांत किंवा खडकांत राहतात आणि रात्री फिरून कोंबड्या धरतात. याहून अधिक त्याने काही लिहिलेले नाही.

दहा दिवसांचा बाजार म्हणजे दहा रात्रींचा मुक्काम. पाले, चुली, दावणीला बांधलेली जनावरे आणि खाण्यासाठी आणलेल्या कोंबड्या, असे त्या तळाचे चित्र आपण तर्काने रेखाटू शकतो. बीदर शहरात रात्री कोतवालाची हजार माणसे चिलखत घालून, हाती मशाली घेऊन घोड्यांवरून गस्त घालीत, हे निकितिननेच लिहिले आहे. माळावरच्या तळाला तसा बंदोबस्त कोठून असणार?

गुकुक ओळखणे कठीण नाही. त्याचे नाव त्याच्या आवाजावरूनच पडले आहे, आणि आपणही घुबडाला 'घुघू' म्हणतो. घरावर घुबड बसणे अशुभ, ही समजूतही आपल्या खेड्यांत सर्वांच्या परिचयाची आहे. मामोनचे तसे नाही. या शब्दाचे निरनिराळे अर्थ सुचवले गेले. माकडाला फारसीत 'मैमून' म्हणतात, म्हणून तिकडे लक्ष जाते. परंतु निकितिनने माकडांचा उल्लेख लगेच पुढे स्वतंत्रपणे केला आहे, आणि माकड काही रात्री कोंबड्या धरीत नाही.

मग हा प्राणी कोणता? मुंगूस कोंबडीचा वैरी खरा, पण तो दिवसा हिंडतो. तरस खडकांतील गुहांत राहते, परंतु त्याची भूक मुख्यतः मेलेल्या जनावरांवर भागते. कोल्हा कोंबडी पळवतो, पण त्याची वस्ती शिवारात व माळावर. बाऊल, म्हणजे रानमांजर, गवताळ व पाणथळ जागा पसंत करते. उदमांजर रात्री फिरते आणि शिंदीच्या झाडावरील मडक्यातला रसही पिते, पण त्याचा मुक्काम झाडांवर वा जुन्या वाड्यांच्या आढ्यांत. उरते ते जवादी मांजर. ते जमिनीवर वावरते, बिळांत व खडकांच्या कपारींत राहते, रात्री बाहेर पडते आणि खुराड्यांवर धाड घालते. निकितिनच्या तिन्ही खुणा त्याला लागू पडतात. आमचा कल त्याच्याकडे आहे. तथापि तीन खुणांवर कोणाला कायमचे चोर ठरवू नये, हेही खरे.

आपल्या कुटुंबांतील जी मुले आज अमेरिकेत आहेत, त्यांना रानात तंबू ठोकल्यावर भेटणारा चोर म्हणजे रॅकून. हाताच्या बोटांसारख्या पंजांनी तो डबे उघडतो आणि शिधा लांबवतो. हा प्राणी मूळचा आपल्याकडचा नव्हे, पण त्याच्या नावाची कथा येथे उपयोगी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी व्हर्जिनियात आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रजाने तेथील पौहाटन लोकांच्या तोंडून ऐकलेला शब्द आपल्या कानाला जसा लागला तसा उतरवून घेतला. हातांनी घासणारा, खरवडणारा, असा काहीसा त्याचा अर्थ लावतात. परक्याने ऐकलेला शब्द तेथेही मोडतोड होऊनच उतरला. पण पुढे इतरांनीही तो वापरला, म्हणून शब्द आणि प्राणी यांची जोडी फुटली नाही. मामोनच्या बाबतीत दुसरी साक्षच नाही. आळंदच्या ज्या माणसाने निकितिनला तो शब्द सांगितला, त्याच्या भाषेत तो कोणी लिहून ठेवला नाही.

हा प्रश्न केवळ पंधराव्या शतकाचा नाही. आपल्या सीमाभागात एकाच प्राण्याला दारोदारी वेगळे नाव आहे. मराठीत जवादी, कन्नडमध्ये पुनुगु बेक्कु, तेलुगूत पुनुगु पिल्ली. ही नावे त्याच्या सुगंधी द्रव्यावरून आली. मराठीतील 'कांडेचोर' हे नाव मात्र थेट चोरीचा आरोप करते, आणि तेही उदमांजरावर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा एकीकडे, जहीराबाद, नारायणखेड दुसरीकडे, आणि भालकी, औराद, बसवकल्याण आपल्याकडे. शाळेची भाषा बदलली, आणि पुस्तकात नसलेले शब्द फक्त आजी-आजोबांच्या बोलण्यात उरले.

प्राणी अद्याप येथे आहेत. कलबुर्गी जिल्ह्यातील चिंचोळीचे रान २०११ साली अभयारण्य झाले. तेथे तरस, लांडगे आणि कोल्हे आहेत, तांडे आहेत, आणि अर्थात कोंबड्याही आहेत. रात्री खुराड्यात गलका झाला की घरातले वडीलधारे माणूस ज्याचे नाव घेऊन ओरडते, ते नाव प्रत्येक कुटुंबाने गावाच्या उल्लेखासह लिहून ठेवावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे. अशा पन्नास गावांची यादी जमली, तर तीत मामोनशी जुळणारा एखादा शब्द सापडणे अशक्य नाही. न सापडला, तरी आपले शब्द पुढच्या पिढीला आपल्याच अक्षरांत मिळतील.