भारतातील हॉकीपटूंचे व्यावसायिक करार

भारतातील हॉकीपटूंचे व्यावसायिक करार म्हणजे मैदानी हॉकीच्या लीग स्पर्धांत खेळाडू आणि संघमालक यांच्यात होणारे, सामान्यतः लिलावाद्वारे ठरणारे मानधनाचे करार होत. उत्तर अमेरिकेतील बर्फावरील हॉकीत अशा करारांच्या अटी खेळाडूंची संघटना आणि लीग यांच्यातील सामूहिक वाटाघाटींतून ठरतात. भारतीय हॉकीत अशी वाटाघाटीची रूढ व्यवस्था निर्माण झालेली नाही. खेळाडूंच्या हक्कांविषयीचे काही महत्त्वाचे प्रसंग महाराष्ट्राशी निगडित आहेत.

पार्श्वभूमी

भारतीय हॉकीपटूंच्या उदरनिर्वाहाचा मुख्य आधार दीर्घकाळ नोकरी हाच राहिला. रेल्वे, सैन्यदले, पोलीस, एअर इंडिया, इंडियन ऑइल इत्यादी संस्था खेळाडूंना सेवेत घेत आणि ते त्यांच्या संघांतून खेळत. २००५ साली सुरू झालेल्या प्रीमियर हॉकी लीगने शहरनिहाय संघांची कल्पना रुजवली. ही स्पर्धा २००८ नंतर बंद पडली.

पुण्यातील बहिष्कार (२०१०)

जानेवारी २०१० मध्ये पुण्यातील बालेवाडी येथे विश्वचषकाच्या तयारीसाठी राष्ट्रीय संघाचे शिबिर सुरू होते. थकलेले मानधन व प्रोत्साहनपर रक्कम मिळेपर्यंत सराव न करण्याचा निर्णय खेळाडूंनी एकत्रितपणे घेतला. राजपाल सिंग हे त्या वेळी कर्णधार होते. हॉकी इंडियाने प्रत्येकी २५,००० रुपये देऊ केले. ते खेळाडूंनी नाकारले. काही दिवसांतच तडजोड होऊन सराव पुन्हा सुरू झाला. त्यानंतर महिला खेळाडूंनीही आपल्या मानधनाचा प्रश्न जाहीरपणे मांडला.

या घटनेचे वैशिष्ट्य असे की, नोंदणीकृत संघटना नसतानाही खेळाडूंनी सामूहिक दबावाचा उपयोग केला. मात्र तडजोड त्या प्रसंगापुरतीच राहिली. पुढील काळासाठी मानधन, विमा, दुखापत किंवा तक्रार निवारण यांविषयी कायम स्वरूपाचा सामूहिक करार तिच्यातून निर्माण झाला नाही.

वर्ल्ड सिरीज हॉकी आणि स्पर्धा आयोगापुढील वाद

भारतीय हॉकी महासंघ व निम्बस स्पोर्ट यांनी २९ फेब्रुवारी ते २ एप्रिल २०१२ या काळात वर्ल्ड सिरीज हॉकी ही स्पर्धा भरवली. आठ संघांमध्ये पुणे स्ट्रायकर्स व मुंबई मरीन्स हे महाराष्ट्राचे दोन संघ होते. अंतिम सामन्यात शेर-ए-पंजाब संघाने पुणे स्ट्रायकर्सचा पराभव केला. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाची व हॉकी इंडियाची या स्पर्धेस मान्यता नव्हती. अमान्य स्पर्धेत खेळणाऱ्यास राष्ट्रीय संघातील स्थान गमवावे लागेल, अशी भीती खेळाडूंपुढे होती. स्पर्धेनंतर मानधन थकल्याच्या तक्रारीही झाल्या. दुसरा हंगाम झालाच नाही.

याच संदर्भात पुण्याजवळील खडकी येथे जन्मलेले माजी कर्णधार धनराज पिल्ले आणि अन्य माजी खेळाडूंनी २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे हॉकी इंडियाविरुद्ध तक्रार केली. नियामक संस्था आपल्या अधिकाराचा वापर करून खासगी लीगला अटकाव करते आणि खेळाडूंचे निवडस्वातंत्र्य हिरावते, असा तक्रारीचा आशय होता. ३१ मे २०१३ च्या आदेशात आयोगाने कायद्याचा भंग सिद्ध झाला नसल्याचा निष्कर्ष काढला. तथापि, नियमनाचे अधिकार आणि व्यावसायिक हितसंबंध यांची सरमिसळ होऊ नये यासाठी हॉकी इंडियाने अंतर्गत नियंत्रणाची व्यवस्था करावी, असे मत आयोगाने नोंदवले.

लिलाव पद्धती

हॉकी इंडिया लीग २०१३ ते २०१७ या काळात खेळवली गेली. पहिल्या लिलावात सरदार सिंग यांना ७८,००० अमेरिकी डॉलर ही सर्वाधिक बोली मिळाली. महाराष्ट्रातर्फे प्रथम मुंबई मॅजिशियन्स व नंतर दबंग मुंबई हे संघ होते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या लिलावाने लीगचे पुनरुज्जीवन झाले. त्याचे प्रमुख नियम असे होते :

- पुरुष संघास खर्चाची मर्यादा ४ कोटी रुपये, तर महिला संघास २ कोटी रुपये.
- खेळाडूंची मूळ किंमत १० लाख, ५ लाख किंवा २ लाख रुपये.
- पुरुष संघात २४ खेळाडू. त्यांत किमान १६ भारतीय (४ कनिष्ठ खेळाडूंसह) व ८ परदेशी.

पुरुषांमध्ये हरमनप्रीत सिंग यांना ७८ लाख रुपये, तर महिलांमध्ये उदिता दुहान यांना ३२ लाख रुपये ही सर्वोच्च बोली लागली. या हंगामात महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता.

सामूहिक वाटाघाटींशी तुलना

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगच्या खेळाडूंची संघटना १९६७ मध्ये स्थापन झाली. वाद न मिटल्यामुळे तेथील २००४-०५ चा संपूर्ण हंगाम रद्द करावा लागला. २००५ च्या करारानुसार प्रत्येक संघाच्या वेतनखर्चावर ३ कोटी ९० लाख डॉलरची मर्यादा आली. २०१३ च्या कराराने हॉकीपासूनचे उत्पन्न मालक व खेळाडू यांत निम्मे-निम्मे वाटण्याचे तत्त्व स्वीकारले. खर्चाची मर्यादा दोन्हीकडे आढळते. परंतु तेथे ती वाटाघाटींतून ठरते, तर भारतात आयोजक ती ठरवतात. उत्पन्नातील वाट्याचा प्रश्न भारतीय लिलावात येत नाही.

भारतात कामगार संघटना कायदा, १९२६ अस्तित्वात होता, तरी हंगामापुरता करार करणारा खेळाडू 'कामगार' ठरतो का, हा मूलभूत प्रश्न उरला. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कायदेशीर व्यवसायास प्रतिबंध करणारा करार तेवढ्यापुरता शून्य असतो.

अन्य खेळांतील स्थिती

लिलावाऐवजी गटनिहाय ठरावीक मानधनाची पद्धत २०२२ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या पुरुषांच्या अल्टिमेट खो-खो स्पर्धेने अवलंबली. खो-खोची परंपरा असलेल्या धाराशिव जिल्ह्यातील सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांनी तुळजापूर येथे शासनाच्या क्रीडा अधिकारी म्हणून काम केले आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. काही आठवड्यांच्या लीग करारापेक्षा अशी नोकरीच बहुसंख्य खेळाडूंना निवृत्तीनंतरचे स्थैर्य देते.