हाजी परतल्यानंतर

हाजी परतले की आपल्याकडे गाव लोटतो. हार घातले जातात, गळाभेटी होतात, जमजमचे पाणी आणि खजूर वाटले जातात. हाजीसाहेबांनी घरात पाऊल टाकण्याआधी त्यांच्याकडून दुआ मागावी, असा समज असल्याने तान्ही बाळेसुद्धा त्यांच्यापुढे धरली जातात. हाजीसाहेब मात्र खोकत असतात. हा खोकला इतका सवयीचा झाला आहे की, तोही हजचाच भाग आहे असे आपण मानतो. अशा वेळी आठ दिवस गर्दी करू नका, असे कुणी सुचवले तर घरातली वडीलधारी मंडळी दुखावतात. ही सूचना त्यांना परकी वाटते. ती खरोखरच परकी आहे का, हे इतिहासात पाहिले पाहिजे.

हिजरी ८३३, म्हणजे इ. स. १४३० मध्ये कैरो शहरात ताऊन, म्हणजे प्लेग आला. सुरुवातीला रोज चाळीसहून कमी माणसे मरत होती. लोकांनी तीन दिवस रोजे ठेवले, मग सगळे शहराबाहेर वाळवंटात जमले, सामुदायिक दुआ करून घरी परतले. महिना संपायच्या आत मृतांचा आकडा रोजी हजारावर गेला. ही नोंद कुणा टीकाकाराची नाही. बुखारी शरीफवरचे सर्वांत नावाजलेले भाष्य लिहिणारे इमाम इब्ने हजर अस्कलानी यांची ती आहे. गंमत अशी की, रोग एकापासून दुसऱ्याला जडतो हे इब्ने हजर यांना मान्यच नव्हते. तरी डोळ्यांसमोर घडले ते त्यांनी आकड्यासकट लिहून ठेवले. त्यांच्या दोन मुली आधीच्या एका साथीत गेल्या होत्या आणि याच ८३३ च्या साथीत थोरली मुलगी, गरोदर असताना, गेली. याउलट इब्ने बतूता १३४८ मध्ये दमास्कसला होता. तिथे मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती सारेच आपापले ग्रंथ घेऊन अनवाणी निघाले आणि त्यानंतर साथ ओसरली, असे तो सांगतो. इब्ने हजर त्याच दमास्कसबद्दल लिहितात की, जमाव झाल्यावर साथ वाढली. आम्ही वर्गात मुलांना सांगतो, साक्षीदार दोन असले तर आकडा कोण देतो ते पाहा.

साथीच्या गावी जाऊ नये आणि साथीच्या गावातून बाहेर पडू नये, ही हदीस तर आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. शामच्या सरहद्दीवरून हजरत उमर (रजि.) परत फिरले, तोही प्रसंग सर्वांना माहीत आहे. हदीसचा दुसरा भाग, बाहेर न पडण्याचा, आपण फारसा बोलत नाही एवढेच.

तो भाग किती महत्त्वाचा आहे हे १८६५ ने दाखवले. त्या वर्षी हजच्या दिवसांत मक्केत कॉलरा पसरला. सुमारे नव्वद हजार हाजींपैकी पंधरा हजार दगावले, असा अंदाज आहे. पूर्वी काफिले आठवडेच्या आठवडे वाळवंट तुडवत परतत. कॉलरा फार तर पाच दिवसांत उघड होतो. म्हणजे तो वाळवंटच विलगीकरणाचे काम करी. आगबोटीने ते अंतर पुसले. मे महिन्यातच जहाजे सुवेझला लागली, तिथून रेल्वेने अलेक्झांड्रिया, मग मार्सेल, इस्तंबूल. एकट्या इजिप्तमध्ये साठ हजार माणसे गेल्याचे सांगतात. पुढच्याच वर्षी इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि हाजींच्या वाटेवर क्वारंटाइन आले. उत्तरेकडे परतणाऱ्यांसाठी सिनाईत तूर, तर हिंदुस्थानातून जाणाऱ्यांसाठी, १८८२ पासून, तांबड्या समुद्रातले कमरान बेट.

कमरानबद्दल हाजींच्या तक्रारी खऱ्या होत्या. उन्हात झोपड्यांत राहायचे आणि त्याचा खर्चही हाजीनेच भरायचा. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. व्हिएगस यांना मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला आणि १८९७ मध्ये सरकारने हजची जहाजेच थांबवली. मालाची वाहतूक मात्र चालू राहिली. १८९५ मध्ये जिद्द्यात ब्रिटिशांचे उपवकील डॉ. अब्दुर रज्जाक मारले गेले. ते हिंदी मुसलमान, हाजींच्या आरोग्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केलेले. त्याच सुमारास जंतुनाशक यंत्रेही लोकांनी फोडली. हुकूम कोण देतो, यावर लोक त्या हुकमाची किंमत ठरवतात. २०२० मध्ये मरकजच्या निमित्ताने आपणही ते अनुभवले. त्या वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, तेव्हा त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे न्यायालयानेच म्हटले. पण हुकूम देणाऱ्याचा राग आला म्हणून जंतू खोटा ठरत नाही.

तूरच्याच ठाण्यावर १९०५ मध्ये डॉ. गोट्श्लिख यांना, परतीच्या वाटेवर मरण पावलेल्या हाजींच्या आतड्यांत कॉलऱ्यासारखा जंतू सापडला. त्यांच्यात कॉलऱ्याची लक्षणे नव्हती. वरून धडधाकट दिसणारा माणूसही जंतू वाहून आणतो, हे अशा शोधांतून कळत गेले. 'एल तोर' नावाचा तोच जंतू १९६१ मध्ये इंडोनेशियातून जगभर निघाला. पुढे २००० च्या हजनंतर युरोपात मेंदूज्वराचे रुग्ण सापडले. त्यांतले बरेच जण हजला गेलेच नव्हते. ते परतलेल्या हाजींच्या घरचे होते. हाजींनी लस घेतली होती, ती स्वतः ठणठणीत होती, जंतू घशात होता. म्हणून २००२ पासून चार प्रकारच्या जंतूंवरची लस सक्तीची झाली.

आणि २०२० चा हज. आदल्या वर्षी सुमारे पंचवीस लाख हाजी होते. त्या वर्षी जेमतेम हजार, तेही सौदी अरेबियात राहणारे. त्यांना हजआधी वेगळे ठेवले गेले आणि हज संपल्यावरही घरात वेगळे राहायला सांगितले गेले. हा नियम कुणा इंग्रज डॉक्टराने किंवा फ्रेंच परिषदेने केला नव्हता. ज्यांच्याकडे दोन्ही हरमची खिदमत आहे, त्याच सरकारचा तो होता.