केरीचे जिवबादादा

ग्वाल्हेरच्या दौलतगंजाचे नाव ऐकले की दौलतराव शिंदे आठवतात. १८१० मध्ये त्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली, तिचेच लष्कर हे शहर झाले. दौलतगंज त्यातच येते.

पण शिंद्यांच्या फौजेशी आपल्या पेडण्याचे नाते त्याहून जुने. महादजींचे बक्षी जिवबादादा केरकर हे तेरेखोल नदीच्या मुखावरल्या केरी गावचे. १७९५ साली खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचे ते सेनापती होते. दैव पाहा, ते तिकडे उत्तरेत महादजींच्या लढाया लढत होते आणि इकडे १७८८ मध्ये त्यांचे पेडणे सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेले!

आज पर्यटक केरीच्या सुरूंखाली बसतात, फेरीबोटीतून तेरेखोलच्या किल्ल्याकडे जातात. जिवबादादांबद्दल त्यांना कोणीतरी सांगायला हवे.