पक्ष्याची ओळख : बंदुकीपासून कॅमेऱ्यापर्यंत



'सफारी' हा शब्द आतां आपल्याकडे चांगलाच रुळला आहे. तो पूर्व आफ्रिकेंतील स्वाहिली भाषेचा. परंतु त्याचें मूळ अरबींत आहे, आणि त्याच मूळचा 'सफर' हा शब्द आपल्या मराठींत कित्येक शतकें नांदत आहे. म्हणजे पाहुणा दूरचा, पण सोयरा घरचा! आफ्रिकेच्या माळरानावर मोटारींतून हिंडून पशुपक्ष्यांचीं छायाचित्रें घ्यावयाचीं, आणि मुक्कामीं परतल्यावर 'हा कोणता पक्षी?' म्हणून पुस्तकें चाळावयाचीं, हा छंद आज पुष्कळांना जडला आहे. पण ज्या प्रश्नासाठीं मनुष्य इतका दूर जातो, तो आपल्या भंडारा जिल्ह्यांतील कोणत्याहि तळ्याच्या पाळीवर आपली वाट पाहत उभा आहे. पक्षी दिसला हें खरें. पण तो अमुकच पक्षी, हें कशावरून? ह्या 'कशावरून'चा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. जुनीं मालगुजारी तळीं येथें आजहि धानाला पाणी पाजीत आहेत, आणि त्यांच्या बांधणींत कोहळी समाजाचें कौशल्य विख्यात आहे. ह्यांपैकीं नवेगांवबांधचा तलाव सर्वांत प्रसिद्ध. १ मे १९९९ रोजीं जिल्ह्याचें विभाजन झालें, तेव्हां तो गोंदिया जिल्ह्यांत गेला. सरकारी हद्द बदलली, पण पक्ष्यांनीं ती मानलेली नाहीं. कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी, पंख पसरून उन्हांत वाळवीत बसणारा पाणकावळा, हिंवाळ्यांत येणारा चक्रवाक, आणि धानाच्या बांध्यांतून जोडीनें फिरणारा सारस, अशी ह्या पाण्यावरची वस्ती आहे.

एकोणिसाव्या शतकांत पक्षी ओळखण्याचें प्रमुख साधन एकच होतें. तें म्हणजे बंदूक. पक्षी मारावयाचा, त्याचें कातडें सोलून आंत कापूस भरावयाचा, आणि पायाला चिठ्ठी बांधून तिच्यावर स्थळ व तारीख लिहावयाची. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम ह्या अधिकाऱ्यानें असा प्रचंड संग्रह केला, आणि १८८५ सालीं सुमारें ७५,००० नमुने ब्रिटिश म्यूझियमला देऊन टाकले. काँग्रेसच्या स्थापनेंत पुढाकार घेणारे ह्यूमसाहेब ते हेच, आणि सालहि तेंच! १८८३ सालीं मुंबईस स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचें कार्यहि अशाच नमुन्यांवर उभें राहिलें. सालिम अलि (१८९६–१९८७) हे लहानपणीं छऱ्याच्या बंदुकीनें पाडलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली एक चिमणी घेऊन ह्याच सोसायटींत गेले. चिटणीस मिलर्ड ह्यांनीं ती ओळखून दिली, आणि त्या मुलापुढें पक्षिशास्त्राचें दालन उघडलें. पुढें १९४१ सालीं सालिम अलींचें 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हें सचित्र पुस्तक निघालें, आणि हातीं बंदूक नसलेल्या सामान्य माणसालाहि चित्राशीं ताडून पक्षी ओळखतां येऊं लागला.

कॅमेऱ्याची कथा विलायतेंतली. रिचर्ड व चेरी कीर्टन ह्या भावांनीं १८९२ सालीं एका घरट्याचें छायाचित्र घेतलें, आणि १८९५ सालीं प्रत्यक्ष रानांत घेतलेल्या छायाचित्रांनीं सजलेलें, पक्ष्यांच्या घरट्यांवरील पुस्तक प्रसिद्ध केलें. त्या वेळचा कॅमेरा अवजड. पक्ष्याच्या अगदीं जवळ गेल्यावांचून चांगलें चित्र मिळत नसे. म्हणून ह्या भावांनीं सांगाड्यावर बैलाचें कातडें चढवून एक पोकळ बैल तयार केला, आणि त्याच्या पोटांत दडून चित्रें घेतलीं! तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल मिरविणाऱ्या आपल्या मुलांना हा बैल खचित आवडला असता. हाच चेरी कीर्टन १९०९ सालीं पूर्व आफ्रिकेंत गेला. त्याच वर्षीं अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट तेथें शिकारीस आले होते. एकाच रानांत बंदूक आणि कॅमेरा समोरासमोर आले. आपल्या देशांत लोदर ह्या रेल्वे-अधिकाऱ्यानें हा छंद निष्ठेनें केला. त्याचें पुस्तक १९४९ सालीं निघालें. मलायाकडील व्यापारी लोके वान थो हा दुसऱ्या महायुद्धामुळें हिंदुस्थानांत आला, आणि सालिम अलींच्या सहवासांत त्यानें पक्ष्यांचीं अप्रतिम छायाचित्रें घेतलीं.

परंतु कॅमेऱ्याची खरी कसोटी लागली ती रानपिंगळ्याच्या बाबतींत. आपल्या झाडाच्या ढोलींतला नेहमीचा पिंगळा सर्वांना ठाऊक आहे. रानपिंगळा हा त्याचा दुर्मिळ भाऊबंद. १८७२ सालीं पूर्वेकडे, आजच्या छत्तीसगडांत, ब्ल्यूइट नांवाच्या गृहस्थाला तो मिळाला, आणि १८७३ सालीं ह्यूमनें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें खानदेशांत डेव्हिडसन ह्या अधिकाऱ्यानें कांहीं नमुने जमविले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी जणूं पृथ्वीवरून नाहींसा झाला. फक्त एक नमुना १९१४ सालचा होता. कर्नल माइनरट्झहेगन ह्यांच्या संग्रहांतील त्या कातड्याच्या चिठ्ठीवर गुजरातेंतील मांडवी हें स्थळ लिहिलें होतें.

ही चिठ्ठी खोटी होती. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन ह्यांनीं कर्नलसाहेबांचा संग्रह बारकाईनें तपासला, तेव्हां हा नमुना डेव्हिडसनच्या जुन्या नमुन्यांतून चोरून, पुन्हां नव्यानें भरून, आपला म्हणून ठेवलेला आढळला. खोटें स्थळ बाजूला सारून रासमुसेनबाई, बेन किंग व डेव्हिड ॲबट ह्यांच्यासह खऱ्या जुन्या नोंदींच्या मागावर निघाल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं नंदुरबारकडील शहाद्याजवळच्या रानांत रानपिंगळा भरदिवसा फांदीवर बसलेला दिसला. माथ्यावर ठिपके जवळजवळ नाहींत, पंख व शेपटी ह्यांवर ठळक पट्टे, पोट पांढरें स्वच्छ; ह्या खुणा छायाचित्रांत उतरल्या, आणि ११३ वर्षांचा शोध एकहि गोळी न झाडतां पुरा झाला. पुढें मेळघाटांतहि तो सांपडला.

ह्या कथेचा बोध 'कॅमेरा चांगला, बंदूक वाईट' एवढाच घेतला, तर तो अपुरा होईल. कर्नलसाहेबांच्या हातीं खरा पक्षी होता, खरें कातडें होतें. खोटी होती ती नोंद. आणि शतकानंतर वाट दाखविली ती डेव्हिडसनच्या प्रामाणिक नोंदींनीं. छायाचित्रालाहि हाच न्याय लागू आहे. स्थळ व तारीख नसलेलें सुंदर चित्र भिंतीवर शोभेल, पण ज्ञानांत भर घालणार नाहीं. शिवाय एका चित्रानें फसगतहि होते. ढोकरी काठावर बसली कीं मातीच्या रंगाची दिसते, उडाली कीं पांढरीशुभ्र. दोन चित्रें पाहून हे दोन पक्षी आहेत असेंच नवखा म्हणेल. म्हणून चाल, उडण्याची रीत, आवाज आणि जागा हीं वहींत टिपलींच पाहिजेत.

ओळखींत नांवाचाहि भाग आहे. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) ह्यांनीं वनाधिकारी म्हणून नवेगांवबांध येथें वास्तव्य केलें, आणि रानांतल्या माणसांकडून पक्ष्यांचीं नांवें व त्यांच्या संवयी समजावून घेतल्या. त्यांचा 'पक्षीकोश' हें त्या श्रमाचें फळ होय. शास्त्रीय नांव जगाला कळतें. पण जें नांव ढिवराच्या आणि शेतकऱ्याच्या तोंडीं आहे, त्या नांवामागें पिढ्यान्‌पिढ्यांचें निरीक्षण असतें.

आतां ह्या सर्वाचा आपल्याशीं संबंध पाहा. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगांतील सर्वांत उंच, जवळजवळ पुरुषभर उंचीचा. राखी अंग, लाल डोकें व लाल मान. तो ओळखावयास पुस्तक नको. पण महाराष्ट्रांत तो आज मुख्यतः गोंदिया जिल्ह्यांत, आणि अगदीं थोडा आपल्या भंडाऱ्यांत उरला आहे. पावसाळ्यांत धानाच्या बांध्यांतच तो घरटें करतो, आणि बहुधा दोनच अंडीं घालतो. विजेच्या तारा आणि शेतांतील विषारी औषधें हे त्याचे वैरी आहेतच. त्यांत घरट्याभोंवतीं जमणाऱ्या कॅमेरेवाल्यांची भर पडतां कामा नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंदूक खालीं ठेवविली. कॅमेऱ्याला मर्यादा मात्र आपली आपणच घालावयाची आहे.

सालिम अलींचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर, आणि चितमपल्लींचा ५ नोव्हेंबर. ह्या दोन तिथींमधला आठवडा महाराष्ट्रांत पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्या दिवसांत तळ्यावर अवश्य जा; हातांत कॅमेरा असो वा नसो, वही असूं द्या. काय पाहिलें, कोठें, केव्हां, हें खरें तेवढेंच लिहा. आणि सारसाचें घरटें दिसलें, तर तें वहींत लिहा, वनखात्याला व शेताच्या धन्याला सांगा, चारचौघांत मात्र त्याचा पत्ता सांगूं नका. डेव्हिडसनच्या चिठ्ठ्या शंभर वर्षांनीं उपयोगीं पडल्या. तुमच्या वहीचेंहि कोणाला कधीं काम पडेल, हें आज कोण सांगूं शकेल?